हब गार झाला का?

गॅरेजमध्ये किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. काम संपल्यावर एखादा नट, दोन वायसर उरतात, ते आपण डब्यात टाकतो आणि दहा वर्षांनी तो डबा उचलवत नाही. किश्श्यांचंही तसंच होतं. आमचा डबा पेठ रोडवर आहे, नाशिक संपता संपता. तिथे गेली बावीस वर्षं मी आणि नाना मिस्त्री फोर-बाय-फोर, म्हणजे चारी चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्या दुरुस्त करतोय. मी पार्ट आणतो, गिऱ्हाइकांशी बोलतो आणि त्यांच्यावर चिडतो. काम नाना करतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारं दुखणं म्हणजे पाणी शिरलेले पुढचे हब. जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी चकती असते. खाली उतरून ती हाताने फिरवायची. 'लॉक' केली की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, 'फ्री' केली की ती चाकं नुसती फरफटत येतात. आत बेअरिंग, स्प्रिंगा आणि ग्रीस. पाणी शिरलं की ग्रीस पांढरं पडतं, स्प्रिंग गंजते आणि गाडी नेमकी चिखलात दगा देते.

हे सगळं नाना बोटांनी ओळखायचे. 'ओळखायचे' असं लिहिताना जिवावर येतं, पण ते पुढे सांगतो.

*

कॉलेज रोडला राहणारे एक सर आहेत. पोरीला न्हाऊ घालावं तशी गाडी धुतात. प्रेशरचा पाइप थेट हबवर! मी शंभरदा सांगितलं. सर म्हणाले, "पण चकाकतं किती!"

एका पावसाळ्यात सर घोटीकडे भाताची खाचरं बघायला गेले आणि खाचरातच बसले. दोन्ही हब 'लॉक' केले, पुढची चाकं ढिम्म. चकती वरच्या वर फिरली होती, आतलं सगळं गंजून जागच्या जागी बसलेलं. शेवटी एका शेतकरीबाबांनी बैलजोडी लावून गाडी काढली. मग बाबांनी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली.

"ही चारी चाकांवर चालती म्हणता?"

"हो," सर म्हणाले.

"आमच्या जोडीला आठ पाय हायत. आठीच्या आठी चालत्यात!"

हे सरांनीच आम्हाला सांगितलं, म्हणून माणूस मला आवडतो. नानांनी मात्र हब उघडला आणि त्यांचं डोकं फिरलं. नाना मूळचे सटाण्याकडचे. एरवी साधं बोलतात, रागावले की थेट अहिराणीत.

"भाऊ, हाई ग्रीस नही, च्या शे!"

खरंच, आतून निघालं ते दुधाळ चहासारखंच होतं.

*

हबच्या मागचा बेअरिंगचा नट किती आवळायचा, यावर सगळं असतं. सैल राहिला तर चाक डगडगतं, जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं. नाना चाक हलवून बघायचे, नटाला बोट लावून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बस." नंतर गाडी एक चक्कर मारून आणायची आणि हबवर तळहात ठेवायचा. गार असला की काम पास!

मी हौसेने टॉर्क रेंच आणला. म्हणजे नट किती ताकदीने आवळला ते आकड्यात सांगणारा पाना. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कौतुकाने बघितला आणि कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगला. दसऱ्याला उतरवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पुन्हा टांगला.

मी म्हटलं, "नाना, वापरा की!"

"वापरला ना आत्ता."

*

गावितची गाडी आमच्याकडे दरवर्षी पाऊस उघडला की येते. गावित पेठच्याही पुढचा, नदीपलीकडच्या पाड्यावरचा. तिथे पावसाळ्यात दुसरी गाडी जात नाही. आजारी माणूस, बाळंतीण, रेशनची पोती, सगळं याच एका जुन्या खटाऱ्यावर. हब बंद पडला तर गाडी अलीकडच्या काठावर आणि पाडा पलीकडच्या. म्हणून तिचं काम करताना नाना रेडिओसुद्धा बंद करायचे.

दरवर्षी हबमध्ये पाणी. दरवर्षी नाना तेच विचारायचे.

"घाट उतरल्यावर थांबतोस का रे?"

कारण साधं आहे. घाटात ब्रेक लावून लावून हब तापतो. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि रबरी सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. पाण्यात घालण्याआधी हब गार होऊ द्यायचा, एवढंच औषध.

गावित मान खाली घालायचा. "नाना, मागं माणसं बसलेली असत्यात. घरी जायची घाई असती. त्यांना काय सांगू, माझा हब गरम हाय?"



*

आता ते पुढचं.

गेल्या उन्हाळ्यात सरांची गाडी दुरुस्त करून झाली. मी मखमलाबादपर्यंत चक्कर मारून आणली. नाना नेहमीसारखे बसले, हबवर तळहात ठेवला आणि सरांना म्हणाले, "गार आहे." हात तसाच ठेवून ते पाणी कुठून शिरतं ते समजावत होते. सर ऐकत होते. मला वास आला. आधी वाटलं, रबर जळतंय.

मी नानांचा हात ओढून काढला. तळहातावर लालभडक गोल उमटला होता. बेअरिंग जास्त आवळलं गेलं होतं आणि हब चुलीवरच्या तव्यासारखा तापला होता. नानांना काहीच कळलं नव्हतं! ते हाताकडे असे बघत होते जणू हात दुसऱ्याचा आहे.

साखरेचा त्रास नानांना कित्येक वर्षांचा. दोन वर्षांपासून बोटं बधिर होत होती. त्यांनी मला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"भाऊ, गावितची गाडी मी याच हाताने बांधलीय," एवढंच ते बोलले आणि पिशवी उचलून घरी गेले.

आठवडाभर आले नाहीत. मी शटर उघडायचो, गिऱ्हाईक आलं की 'मिस्त्री गावाला गेलेत' सांगायचो. फार एकटं वाटलं. नाना गेले तर गॅरेज चालेल की नाही, ही काळजी होतीच. पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की हा माणूस घरी बसून आपल्या हातांकडे बघत असेल.

*

आठव्या दिवशी नाना आले. हाताला पट्टी. खिळ्यावरचा टॉर्क रेंच उतरवला, त्यावरची धूळ शर्टाने पुसली. सरांच्या गाडीचा नट मोकळा केला आणि आकडा बघून पुन्हा बांधला. मी चक्कर मारून आलो. नाना चाकासमोर गुडघ्यावर बसले, आधी हातभर अंतरावरून धग लागते का बघितलं आणि मग हबला गाल टेकवला.

सर तेवढ्यात आत आले. बावीस वर्षं गाड्या बांधणारा मिस्त्री आपल्या गाडीला बिलगून बसलाय हे बघून ते दारातच थबकले.

"नाना, काय झालं?"

"हात खोटं बोलायला लागलेत, सर. गालाचं अजून ठीक आहे."

त्याच दुपारी नानांनी गावितला फोन करून बोलावून घेतलं. दोन्ही हब उघडून नट नव्याने बांधले, सील बदलले. या वेळी सगळं काम गावितकडून करून घेतलं. स्वतः नुसते स्टुलावर बसून सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "आता गाल लाव."

गावित लाजला. "नाना, काठावर असं केलं तर बाया हसतील!"

"हसू दे. गार लागला की मग पाण्यात घाल. हाताचा भरवसा धरू नको. राबून राबून तुझेही हात माझ्यासारखे होतील."

*

पाऊस उघडला आणि गावित आला. मी आणि नाना हब उघडायला बसलो, म्हणजे मी उघडत होतो आणि नाना बघत होते. सहा बोल्ट काढले, चकती काढली. आत ग्रीस जसं भरलं होतं तसंच होतं. पाण्याचा थेंब नाही! मी दुसरा उघडला. तोही तसाच.

नानांनी ग्रीस बोटावर घेऊन उजेडात धरलं. "थांबलास तर!"

"मी कुठला थांबतो," गावित म्हणाला. "म्हातारीनं थांबवलं."

पेठच्या दवाखान्यातून तो एका बाळंतिणीला घरी नेत होता. सोबत तिची सासू. घाट उतरला, नदी आली. गावितने खाली उतरून हबला गाल लावायला वाकला, तर धग तोंडावर आली. म्हातारीने विचारलं, काय करतो? त्याने सांगितलं, नाशिकच्या नानांनी सांगितलंय, गालाला गार लागल्याबिगर पाण्यात जायचं नाय.

म्हातारी हसली नाही. खाली उतरली, दगडावर बसली. थोड्या वेळाने उठून हबजवळ गाल नेला. "आजून नाय." पुन्हा बसली. ढग भरून आले होते, गावित घाई करत होता, पण ती त्याला गाडीत चढू देईना. तिसऱ्या वेळी तिने हब पदराने पुसला, स्वतःचा गाल टेकवला, बराच वेळ टेकवून ठेवला. तरी तिचं समाधान होईना; माझं कातडं राठ, म्हणाली.

"मग?" नानांनी विचारलं.

"मग सुनेच्या मांडीवरनं तीन दिसांची नात उचलली, नाना. तिचा गाल लावला हबाला."

मी हातातला पाना खाली ठेवला. नाना पुढे वाकले.

"रडली का?"

"नाय. झोपली व्हती, तशीच झोपून राहिली."

नाना पुन्हा स्टुलावर सरळ बसले.

"मग गार असणार," ते म्हणाले.