भेकरासाठी भाजलेले तीळ

लग्न होऊन मी कणकुंबीच्या अलीकडच्या त्या रानातल्या गावात आले तेव्हा भाताच्या लोंब्या नुकत्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. माझं माहेर निपाणीचं. वडलांची तंबाखूची वखार, घर भर बाजारात, दारासमोरून दिवसभर गाड्यांची वर्दळ. रानातलं जनावर म्हणून मी बघितलेलं एकच, डोंबाऱ्याचं माकड, आणि त्याच्याही अंगात जाकीट होतं. सासरी मात्र मागल्या दाराच्या पुढं भातखाचरं, खाचरांच्या पुढं ओढा, आणि ओढ्यापलीकडं जे रान सुरू व्हायचं ते म्हणे थेट गोव्यात जाऊन संपायचं.

घरात माणसं थोडी. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई, त्या आत्याबाई. आणि हे. ह्यांची नोकरी बेळगावात एका वकिलाकडं कारकुनाची, त्यामुळं हे शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी दिवस उगवायच्या आत निघायचे. उरलेला आठवडा मी आणि दोन म्हातारी माणसं. त्यांचं आपसात बोलणं एक-दोन शब्दांत चालायचं आणि ते त्यांनाच कळायचं.

आल्यावर थोड्याच दिवसांत एका दुपारी आत्याबाईंनी माझ्यापुढं तिळाचं भांडं ठेवलं. खोबऱ्याची वाटी, गुळाचा खडा, मूठभर बडीशेप.

"हे समदं भाज. खरपूस भाज, पर करपू देऊ नको. गुळात घोळीव. आणि खाऊ नको."

"नैवेद्याला हाय?" मी विचारलं.

"व्हय, तसंच म्हण."

मी मन लावून भाजलं. नव्या सुनेचं पहिलं काम, त्यातून देवाचं. चव बघायची नाही म्हणून जिभेला लागलेला कणसुद्धा थुंकून टाकला. वास मात्र असा सुटला की शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली. तेवढ्यात मामंजी आत आले. त्यांनी एक जुनं गोणपाट जमिनीवर पसरलं, माझं ते ताजं भाजलेलं त्यावर ओतलं आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळायला लागले. मी बघतच राहिले. मग गोणपाटाची गुंडाळी काखेत मारून, कोपऱ्यातली ठासणीची बंदूक खांद्याला लावून ते ओढ्याच्या अंगाला चालू पडले.

"आत्याबाई, हा कुठला देव?"

आत्याबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी दिलं तेव्हा म्हणाल्या, "भेकराचा देव गं बाई."

मग त्यांनी सांगितलं. ओढ्याकाठी ते गोणपाट बांबूच्या बेटाला टांगायचं. वारा रानाकडं वाहत असला की वास आत शिरतो, भेकर, म्हणजे रानातलं लहानसं हरीण, त्या वासानं ओढलं जातं, अगदी जवळ येतं. मामंजी आडोशाला बसलेले असतात. पूर्वी असलं काही नव्हतं, हे नाटक गेल्या दोन-तीन वर्षांतलं, असंही त्या म्हणाल्या. "आधी खोबरं भाजायला लावलं, मग गूळ पायजे झाला. आता म्हणं बडीशेप. उद्या मला सांगतील, जिलबी तळ."

मला काही उमजेना. त्याच दिवशी सकाळी मी आणि आत्याबाई खाचराच्या बांधावर उभ्या राहून पत्र्याचा डबा बडवत होतो, भेकरं भात खातात म्हणून. म्हणजे सकाळी ज्याला हाकलायचं त्यालाच संध्याकाळी गोड करून बोलवायचं. आणि बोलवायचं ते मारायला. आमच्याकडं निपाणीला दाराशी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय सोडत नसत. माझ्या हातच्या वासानं कुणी दाराशी यावं आणि त्याला बंदूक दिसावी, हे मनात कुठंच बसेना. पण नव्या सुनेनं कुणाला काय विचारायचं?

दिवस बुडताना बार झाला. मामंजी भेकर खांद्यावर टाकूनच आले. गावातली चार माणसं जमली. "सूनबाईच्या हाताला येस हाय," असं म्हणाले सगळे. इतकं जवळ आलं होतं म्हणे की बंदुकीचं टोक लागलं असतं. मागल्या दारी मटणाची चूल पेटली. मी मसाला वाटला, भाकरी थापल्या, आणि पानावर बसले तेव्हा वाटलं होतं की घास उतरणार नाही. उतरला. चांगलं लागलं, आणखी घेतलं. हेही मला कळेना, की दुपारपासून जे वाईट वाटत होतं ते जेवताना कुठं गेलं.

शनिवारी हे आले. मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "वासबीस काय न्हाय गं. ओढ्याकडंला आवळं पडल्यात, ती खायला येतंय ते. अण्णांच्या डोस्क्यात काय भरलंय कुणास ठाऊक." मामंजींना हे अण्णा म्हणायचे.

मला वाटलं, असेल. पण मामंजी इतक्या खात्रीनं बोलायचे की त्यांच्यासमोर तेही खरं वाटायचं. चिमूटभर राख हवेत उडवून ते वारं बघायचे आणि मला विचारायचे, "आज तीळ किती भाजलंस? लाल का तांबूस?" मी लाल म्हटलं की खुशीनं मान डोलवायचे.

पुढं मात्र भेकर येईना. आठवड्यात एक-दोनदा गोणपाट टांगलं जायचं आणि मामंजी हात हलवत परत यायचे. दोष कुणाचा? एकदा त्यांनी मला समोर उभं करून विचारलं, "तुझ्या लुगड्यांस्नी तंबाखूचा वास हाय का?"

होता. माझ्या ट्रंकेतल्या कपड्यांना वखारीचा वास होता. मला तो माहेरचा वास वाटायचा, म्हणून मी मुद्दाम धूत नव्हते. दुसऱ्या दिवशी रिठ्यानं सगळं धुवून काढलं. धुताना रडू आलं. रडू कशाचं, ते नीट सांगता येत नाही. त्यानंतरही भेकर आलं नाही. मग शेंगदाणे भाजून झाले, पिकलेली केळी चिरडून झाली, एकदा तर हिंगाची फोडणीच त्या गोणपाटावर ओतली. त्या दिवशी रानडुक्कर आलं आणि गोणपाट ओरबाडून चिखलात लोळवून गेलं. आणखी एकदा शेजारच्या शेळ्या आल्या. मामंजी तरी हटेनात.

थंडी पडली, भात कापून झालं. आता भेकरं येऊन खाणार तरी काय होती? तरी एका संध्याकाळी जेवताना मामंजी म्हणाले, "वास गरम पायजे. गार वास जाग्यावरच बसतोय. चूल तिकडंच मांडायची. सूनबाई तिथं बसून भाजंल."

आत्याबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "नव्या पोरीला रानात बसवतायसा? कायतरी वाटू द्या."

"मी हाय की बंदूक घेऊन."

"त्येचंच म्हणते मी," आत्याबाई म्हणाल्या. मला वाटलं, त्या नेहमीसारख्या तिरकस बोलतायत.

सकाळी धुकं इतकं होतं की ओढा ऐकू यायचा, दिसायचा नाही. आत्याबाईंनी आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं. ओढ्याकाठी बेहड्याच्या झाडाखाली तीन दगड मांडून मी चूल पेटवली. मामंजी हाकेच्या अंतरावर, तोडलेल्या झुडपांच्या आडोशाला बसले. मी त्यांना अंधूक दिसत असेन एवढंच.

तीळ तडतडायला लागले. हळूहळू उजाडलं, धुक्याला पिवळट रंग आला. धूर माझ्याच डोळ्यांत येत होता. डोळे पुसून वर बघितलं तर समोर कारवीच्या झुडपातून भेकर बाहेर आलेलं.

लहानसंच होतं. शेळीएवढंच उंच, तांबूस, पाय काड्यांसारखे. एक पुढचा पाय उचलून ते उभं राहिलं, नाक पुढं काढून हुंगत. मग आणखी पुढं आलं. मी हात थांबवला. गुळाचं भांडं बाजूला उघडंच होतं, त्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. चुलीतून बाहेर ओढलेली निवलेली राख होती, तिथं त्यानं मान खाली घातली आणि ती राख चाटायला लागलं.

मला वाटलं, आता बार होईल. मी डोळे मिटले, कानांत बोटं घातली. बार होईना. डोळे उघडले तर ते तसंच चाटतंय, नाकाला राख लागलेली. त्या वेळी माझ्या मनात काय होतं, हे मी पुढं कितीदा आठवून बघितलं. त्यानं पळून जावं असं वाटत होतं म्हणावं, तर मी साधा हात हलवला नाही. मरावं असं वाटत होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. इतक्या दिवसांनी माझ्या हाताला येस आलं याचा आनंदसुद्धा होत होता. सगळं एकदमच होत होतं आणि मी दगडासारखी बसून होते.

तव्यातले तीळ करपले, एक ठिणगी उडाली. भेकर कुत्र्यासारखं एकदा भुंकलं आणि उडी मारून धुक्यात गेलं.

मी धावत आडोशाकडं गेले. मामंजी जागे होते. बंदूक मांडीवर आडवी, बोटं तिच्यावर घट्ट.

"मामंजी, बंदूक का न्हाय उडवली?"

"काय उडवायचं?"

"भेकर! माझ्याम्होरं हुतं की. राख चाटत हुतं."

"वरडलेलं ऐकलं मी. पर ते लांब, वर कड्याला हुतं. हितं काय आलं न्हाय." मग उठता उठता म्हणाले, "तीळ करपलं. वास बिघडला."

मी परत चुलीशी गेले. खुणा शोधल्या. राखेत बोटं फिरवल्यासारखं काहीतरी होतं, पण राख मीच ओढली होती. खाली कातळ, त्यावर खूर कसा उमटणार?

शनिवारी ह्यांना सांगितलं तर हे हसले. "धुराच्या चुलीजवळ, माणूस बसलेलं असताना, भेकर येऊन राख चाटतंय व्हय? डुलकी लागली आसंल तुला." मला राग आला, पण थोड्या वेळानं वाटलं, खरंच लागली असेल का डुलकी? एका आत्याबाईंनी तेवढं विचारलं, "किती जवळ आलतं?" मी हातानं दाखवलं. पुढच्या खेपेला मामंजींनी तीळ मागितले तेव्हा त्या "सपलं," असं म्हणाल्या. त्याच दिवशी सकाळी फळीवरचा तिळाचा डबा मीच खाली उतरवला होता आणि तो मला जड लागला होता.

त्या उन्हाळ्यात मामंजींना दोनदा उंबऱ्याची ठेच लागली. एकदा बांधावर टाकलेल्या घोंगड्याला गडी समजून त्यांनी शिव्या दिल्या. तेव्हा ह्यांनी त्यांना बळंच बेळगावला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. गाडीतून परत आले ते जाड भिंगाचा चष्मा लावून. मी पायावर पाणी घालायला पुढं झाले, तर मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "ही कोण?"

"सूनबाई हाय की तुमची," आत्याबाई म्हणाल्या.

"एवढी उंच? माझ्या डोस्क्यात ठेंगणी हुती."

सगळे हसले, मीही हसले. हसता हसता लक्षात आलं की लग्नात अक्षता टाकल्यापासून ह्या माणसानं मला नीट बघितलंच नव्हतं. मग ते पहिलं भेकर मारलं कसं? बंदुकीचं टोक लागावं इतकं जवळ आलं म्हणून? माझ्या तिळांमुळं, की आवळ्यांमुळं? आणि हे वासाचं खूळ गेल्या दोन-तीन वर्षांतलंच का, ते आता कुठं माझ्या ध्यानात यायला लागलं होतं. जनावर लांबून दिसत नव्हतं, म्हणून ते जवळ आणायचं.

काही दिवसांनी मामंजी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी धीर करून विचारलं, "मामंजी, त्या सकाळी तुमास्नी खरंच काय दिसलं न्हाय?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. दोन शेंगा सोलल्या.

"कायतरी तांबडं हाललेलं दिसलं," ते म्हणाले. "बंदुकीच्या घोड्यावर बोट हुतं माझं. पर ते भेकर हुतं का तू हुतीस, ते कळंना. तू कुठलं लुगडं नेसलीस, ते मी घरातनं निघताना ईचारलं नव्हतं."

ते पुढं म्हणाले, "मग बोट काढलं," आणि शेंगा सोलायला लागले.

मला राग यायला हवा होता. त्यांच्या पाया पडावं असंही वाटलं, बोट काढलं म्हणून. दोन्हीतलं काहीच न करता मी आत गेले. आत्याबाई चुलीपुढं होत्या. मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, मामंजींस्नी दिसत न्हाय, हे तुमास्नी ठावं हुतं?"

"ठावं असतं तर तुला धाडली असती व्हय?" त्या ताडकन म्हणाल्या.

मग बराच वेळ त्या लाकडं मागंपुढं करत राहिल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "थोडं ठावं हुतं."

ह्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ह्यांनी ती बंदूक खानापूरच्या पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली. मामंजींनी अडवलं नाही, फक्त ती पुसून, तेल लावून दिली. त्यानंतर ते बरीच वर्षं होते. माझ्याशी फार मायेनं वागायचे. मीही त्यांचं सगळं केलं. पण त्यांनी कधी मला लांबून हाक मारली की मी आधी जागच्या जागी थांबायची, आणि "मी हाय, मामंजी," असं मोठ्यानं म्हणून मगच पुढं जायची. चष्म्यातून त्यांना लख्ख दिसत होतं, हे मला ठाऊक असूनही.