आडवं विमान

टीव्ही भिंतीवर स्क्रूंनी पक्का केला आणि चित्र कसं येतं ते मी नंतर पाहिलं.

जोडायचं होतं ते माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, मामांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातलं जुनं यंत्र. आमची दोघांची ओळख त्याच्यासमोरच झाली. त्याची पिक्चर ट्यूब गेली, तेव्हापासून सुनंदा त्यावरची धूळ तेवढी पुसायची. ते पुसणं मला बघवेना. म्हणून आतल्या सर्किटला एक नवं सर्किट जोडलं, त्याची भाषा आजच्या टीव्हीला कळेलशी केली. चित्र आलं, पण आडवं! त्या यंत्रातली ट्यूब उभी असते, हे इतकी वर्षं समोर उभं राहूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सुनंदा दिवाणावर कुशीवर आडवी झाली, लांब वायरीवर काढलेली खेळायची दांडी नि बटणं जवळ ओढली आणि म्हणाली, "या, सरकते मी."

मीही शेजारी आडवा झालो नि दांडी हातात घेतली. कुशीवरून खेळातलं विमान अगदी सरळ दिसत होतं. पूर्वी त्या फुगीर काचेत त्याच्या कडा विरघळायच्या. आता एकेक चौकोन वेगळा दिसतो. आमच्याही चेहऱ्यांवरच्या रेघा हल्ली अशाच स्पष्ट झाल्यात. आतल्या जुन्या सर्किटला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. ते अजून तेच विमान पाठवतंय, जणू समोर तीच दोघं उभी आहेत.

तेवढ्यात माझं विमान पडलं.

"अहो," सुनंदा हसत म्हणाली, "तेव्हा निदान उभं राहून तरी हरायचात!"