मशीनचं नवं रबर

कपाशीवर फवारणी सुरू झाली, तो उग्र वास आला, की मला कॉफीच आठवते. नंदुरबारला मी नुकतंच कॉफीचं छोटं दुकान काढलं होतं. एस्प्रेसो मशीन जुनंच घेतलेलं, त्याचं रबर झिजलेलं. कॉफी भरलेला दांडा कितीही आवळा, कडेने पाणी सुटायचं, दाब टिकायचा नाही आणि कपात नुसतं पातळ, काळं पाणी पडायचं. शेवटी शेजारच्या पंप दुरुस्तीवाल्या काकांनी रबर बदलून दिलं. मशीन घुमलं आणि काय सांगू, मधासारखी दाट धार, वर सोनेरी साय! पहिला कप आईला दिला. “आज जमनी रे तुले,” म्हणत तिने तो संपवला. मी खुशीत विचारलं, “काका, रबर कोठे भेटनं?” “फवारणीना जुना पंपना झाकणनं शे. कापीसन बसाडं.” मी झटकन मशीन बंद केलं. “औषधना पंपनं?” “धुईसन लावं ना मी!” काका उलट माझ्यावरच रागावले. आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्या रिकाम्या कपाकडे. तसंच तिला दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. काही झालं नाही तिला. पण आजही कुणी “कॉफी मस्त झालीय” म्हटलं, की मी आधी त्याचा चेहरा निरखून बघतो.