ओवलेल्या गुठळ्या

हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मी विश्व बनवत होते तेव्हाची गोष्ट. माझी पीएचडी डार्क मॅटरवर, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्यावर. त्याचे कण अतिशय हलके असतील तर ते लाटांसारखे वागतात, आणि एकेक लाट हजारो प्रकाशवर्षं लांब असते. एवढी लाट छोट्या जागेत मावत नाही, म्हणून छोट्या गुठळ्या बनतच नाहीत, असं जाणकार सांगत. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र त्या बनल्या होत्या! काळोखात ठिपक्यांची लांबच लांब रांग. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा होता. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते, आणि चढवणारीही मीच.

आई सुलतान बाजारातल्या सराफांना मंगळसूत्रं ओवून देते. दुपारी चहा ठेवताना ती स्क्रीनपाशी थबकली.

"हे कुणी ओवलं गं?"

"कुणी नाही. आपोआप झालंय."

"नक्को सांगू. मण्यांमधलं अंतर बघ की. आपोआप इतकं सारखं पडत नसतं."

मला रागच आला. ती आत गेल्यावर मात्र गुपचूप अंतर मोजलं. लाटांचं गणित फार वेळ खातं, म्हणून मी द्रव्याच्या जागी सारख्या अंतरावर ठिपके मांडून काम भागवलं होतं. गुठळ्यांमधलं अंतर त्या ठिपक्यांशी तंतोतंत जुळलं. ठिपके जवळ मांडले, तर गुठळ्याही जवळ सरकल्या. इतकी वर्षं मी रिकाम्या अंधारात स्वतःचाच हात बघत होते.

मग एका छोट्या तुकड्यापुरतं लाटांचं खरं गणित चालवलं. गुठळ्या गेल्या. उरली धूसर थरथर, आणि मधोमध एक गाभा, फुगणारा, ओसरणारा. हे खरं असेल, तर हे टेबल, चहा, आई, सगळं आत्ता एकाच लाटेच्या पोटात आहे आणि कुणाला पत्ता नाही. मला भीती वाटली.

निबंध तसाच पाठवला असता तर कदाचित कुणी पकडलं नसतं. तीन वर्षांचं काम त्या रांगेवर उभं होतं. तरी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. आता रागावतील म्हणून वाट बघत राहिले.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"माझ्या प्रबंधातही अशीच रांग आहे," ते म्हणाले. "त्यावरच मला ही नोकरी मिळाली. अंतर मी कधी मोजलं नाही."

"मोजायचं का, सर?"

"उद्या ये," ते म्हणाले. "तूच मोज. मी बाहेर थांबतो."