डावखुरा हिरो

माझ्या दादाला जेवायला बसवण्यासाठी मला एक जुना इंग्रजी सिनेमा शोधावा लागला. हसायचं तर हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

दिवाळीनंतर दादाला लकवा मारला. उजवी बाजू पार गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बोलणं थोडंफार परत आलं, हात मात्र आला नाही. त्याची सून घास भरवायची. गुणाची पोर आहे ती. पण जो माणूस आयुष्यात कधी सुनेसमोर टोपी काढून बसला नाही, त्यानं तिच्या हातून वरणभात खायचा म्हणजे मरणच ते. बरं, डाव्या हातानं स्वतः खा म्हटलं की अंगावर यायचा. "तो हात कायचा हाय, मालूम नाही का तुमाले?" दोन घास कसेबसे घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. शेवटी सुनेनं मला उमरखेडला फोन केला. "आत्याबाई, तुमी या. मामाजी असे नाही राह्यत आता."

दोन एसट्या बदलून मारेगावला उतरले, तिथून ऑटोनं गावी. दादाला पाहिलं. पऱ्हाटीचं, कापसाच्या काड्यांचं गाठोडं एका हातानं उचलणारा माणूस, त्याचं मनगट माझ्यापेक्षा बारीक झालेलं. मी रडले नाही, भांडले. मला तेवढंच येतं.

"काहून उपाशी मरून राह्यला तू?"

"डाव्या हातानं खाऊ का मी? लोकं काय म्हणतीन?"

हे तो कोणाला सांगत होता? मला! मी जन्माची डावखुरी. लहानपणी मी डाव्या हातानं भाकर मोडली की माय माझा तो हात सुतळीनं कमरेला बांधायची आणि मग ताट पुढे सरकवायची. मी उजव्या हातानं सांडत, रडत जेवायचे. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो समोर बसून बघायचा आणि त्याचाही घास घशाखाली उतरायचा नाही.

त्याच वर्षी कापूस घरात आल्यावर जत्रेत टुरिंग टॉकीज आलं आणि त्यात हा सिनेमा लागला. पडदा मधोमध बांधलेला. मशीन होतं त्या बाजूला बाप्ये, पडद्याच्या पाठीमागे आम्ही बाया. आमच्याकडे असंच असायचं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. माय आणि मी पोतं अंथरून मागे बसलो. भाषा कोणाला कळते? पण गळ्यात लाल रुमाल बांधलेला तो हिरो सगळ्यांना कळला. डोंगर चढायचा, नदीत उडी घ्यायची, आणि स्वतः उपाशी राहून आपली रोटी सोबतच्या म्हाताऱ्या हमालाला द्यायची. मधेच दादा आमच्या बाजूला मला फुटाणे द्यायला आला, आणि नेमका तेव्हाच तो हमाल कड्यावरून घसरला. हिरो पालथा पडला, एका हातानं झाडाची मुळी धरली आणि दुसरा हात खाली सोडून म्हाताऱ्याला वर ओढलं. डावा हात! मी ओरडलेच, "माय, हा बी डावखुरा!" दादा पडद्याकडे बघत तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मायनं सुतळी काढली तेव्हा दादा तिला म्हणाला, "माय, काल त्या हिरोनं कोन्त्या हातानं बुड्याले वाचवलं? तूनं तं आपल्या डोयानं पाह्यलं. मंग इचा हात काहून बांधून राह्यली?" माय थांबली. तिनं खरंच आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं सुतळी खुंटीला अडकवून दिली आणि माझं लग्न होईपर्यंत परत काढली नाही. शेताच्या धुऱ्यावर खेळताना दादा मलाच हिरो करायचा. स्वतः नाल्याच्या काठाला लोंबकळायचा आणि ओरडायचा, "ओढ वो बाई, डाव्या हातानं ओढ!" त्या हिरोच्या जोरावर मी मान वर करून वाढले. सासरी गेल्यावर सासूबाईंनी पुन्हा उजवा हात शिकवला, तो भाग वेगळा. चारचौघांत मी आजवर उजव्यानंच जेवले.

म्हणून मला वाटलं, दादाला तो सिनेमा दाखवावा. बघ म्हणावं, तुझाच हिरो, आणि कोणता हात आहे बघ. नाव कोणाला ठाऊक? मी सुनेला लाल रुमाल सांगितला, कडा सांगितला, म्हातारा हमाल सांगितला. तिनं मोबाईलमध्ये कायकाय विचारलं आणि दुपारी सापडला की! दादाच्या पाठीशी उशा लावून आम्ही तिघं बसलो. एवढी वर्षं झाली, पण खरं सांगते, तो गडी अजून तसाच. त्यानं रोटी दिली तेव्हा सुनेनं डोळे पुसले. दादाची नजर मोबाईलवरून हलेना.

मग कडा आला. म्हातारा घसरला. हिरो पालथा पडला आणि त्यानं हात खाली सोडला.

उजवा.

मी सुनेवरच खेकसले. "उलटं लावलं का तूनं हे?"

"नाही वो आत्याबाई, असंच हाय."

मी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. उजवाच. रोटी देतो तोही उजवा. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. आम्ही पडद्याच्या पाठीमागे बसलो होतो. आम्हा बायांना सगळं उलटं दिसलं होतं. पन्नास वर्षं मी ज्याला आपला समजले तो माझा नव्हताच. या वयात कशाला वाईट वाटायला पाहिजे? पण वाटलं. फार वाटलं.

दादाच्या तोंडाचा जो कोपरा हलत होता तो हलला. तो हसत होता.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "मी दोनी बाजूनं पाह्यलं होतं. तिकून उजवा दिसे, फुटाणे द्याले आल्तो तवा इकून डावा."

"मंग मायले खोटं काहून सांगतलं?"

"तुही सुतळी सोडाची होती नं."

मी उठले, चुलीपाशी गेले, दोन ताटं वाढून आणली. भाकर वरणात कुस्करली. एक त्याच्यापुढे ठेवलं, एक माझ्यापुढे. आणि सुनेसमोर, दार सताड उघडं असताना, मी डाव्या हातानं जेवायला लागले. दादा बघत राहिला. मग त्याचा डावा हात उठला. पहिला घास धोतरावर सांडला. दुसरा तोंडात गेला. सून पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी परत उमरखेडला आले. सून रोज फोन करायची. आज अर्धी भाकर खाल्ली, आज आंबील प्याले, आपल्या हातानं. चार महिने असे गेले. मग एका सकाळी दुसरा झटका आला.

मी पोचले तेव्हा त्याला खाली जमिनीवर घेतलं होतं. श्वास चालू होता. घरचे, गल्लीतले एकेक करून तोंडात चमचाभर पाणी घालत होते. माझी पाळी आली. मी चमचा उचलला तसा उशाशी बसलेला एक म्हातारा म्हणाला, "उजव्या हातानं दे वो बाई. शेवटचं पाणी हाय."

मी त्याचं ऐकलं नाही. डाव्या हातानं चमचा दादाच्या ओठांना लावला. त्यानं तोंड उघडलं आणि पाणी घेतलं.