फोटोंखाली गेलेला मेन्यू

ती मुलगी आमच्या ऑफिसात आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होती. ऑफिस म्हणजे काय, नाशकात कॅनडा कॉर्नरजवळ एका मेडिकलच्या वरची खोली आणि दोन टेबलं. नवरा गिऱ्हाईकं आणायचा आणि मी वेबसाइट बनवायचे. सुरुवातीच्या सगळ्या साइट माझ्या हातच्या. द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्यांची, ट्रॅव्हल्सवाल्याची, सातपूरच्या नटबोल्टच्या कारखान्याची. दोन हजार सालानंतर नाशकात ज्याला त्याला वेबसाइट हवी होती. मी लोकांच्या पानांचा कोड उघडून, वाचून, मोडून-जोडून शिकले होते. मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं.

मग नवऱ्याने हिला ठेवलं. पुण्यात मल्टिमीडियाचा कोर्स केलेली, वडील फौजेत, देवळाली कॅम्पातून बसने यायची. बोलताना निम्मं हिंदी. मनातल्या मनात मी तिला कॅम्पवाली म्हणायचे. तिच्यासाठी नवा चपटा मॉनिटर आला, माझ्यापुढे तोच जुना डबा. नवऱ्याला ती 'सर' म्हणायची आणि मला 'वहिनी'. "वहिनी, जरा प्रिंटर चालू करता का?" अगं, मी काय इथे हळदीकुंकवाला आलेय? पण म्हणायची सोय नव्हती. नवरा लगेच म्हणाला असता, "किती मनाला लावून घेतेस!"

एक दिवस नवऱ्याने दोघींना समोर बसवलं. काम वाढलंय, म्हणाला, फोन आणि बिलं सांभाळायला एकजण पूर्णवेळ लागेल. आता ही वधू-वर मंडळाची साइट दोघी मिळून करा, तिच्यात जिचं काम सरस तिच्याकडे इथून पुढचं सगळं डिझाइन. बोलला तो दोघींना, पण 'फोन' म्हणताना बघितलं माझ्याकडे. ज्या कामावर ही खोली उभी राहिली ते काम माझ्याकडून काढून घेणार आणि मी दिवसभर फोन उचलून "सर मीटिंगमध्ये आहेत" म्हणणार!

पानाच्या वरच्या पट्टीतला मेन्यू माझ्याकडे आला. 'नोंदणी'वर माउस नेला की खाली यादी उघडायची: वधू, वर, पालकांसाठी सूचना. पट्टीखालचा मोठा चौकोन तिच्याकडे. त्यात मंडळाने जमवलेल्या लग्नांचे फोटो एकामागून एक सरकायचे. सुंदर केला होता तिने तो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा जीव जळला.

तर माझी यादी उघडली की तिच्या फोटोंवर येणार, हे उघड आहे. पानावरच्या दोन गोष्टी एकमेकींवर आल्या की वर कोण, हे एका आकड्याने ठरतं. ज्याचा आकडा मोठा तो वर. झेड-इंडेक्स म्हणतात त्याला. तिच्या चौकोनाला शंभर होता, मी यादीला हजार दिला आणि मोकळी झाले. माझ्या स्क्रीनवर यादी फोटोंवर कशी ऐटीत उघडत होती!

दुपारी नवरा तिच्या टेबलापाशी उभा राहून मला म्हणाला, "अगं, तुझी यादी फोटोंच्या खाली जातेय."

"माझ्याकडे नाही जात."

"इथे जातेय ना पण."

उठून तिच्या टेबलापर्यंत जायचं आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघायचं? माझी चप्पलसुद्धा गेली नसती. मी बसल्या जागी हजाराचे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव केले. माझ्याकडे झकास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "अजून खालीच जातेय." मी आणखी एक नऊ लावला. मग आणखी एक. तिची फाइल उघडून बघितली तर तिचा आकडा बिचारा शंभरच. म्हटलं, वा गं शहाणे! नवऱ्याला दाखवताना आकडा वाढवतेस आणि नंतर गुपचूप कमी करतेस? हा तिचा डाव आहे याबद्दल माझी बालंबाल खात्री पटली. ती आपली डबा खाताना मला विचारतेय, "वहिनी, लोणचं घेणार?" घेतलं नाही मी.

यात गंमत अशी होती की मी फायरफॉक्स ब्राउझरवर काम करायचे आणि ती इंटरनेट एक्सप्लोररवर. गिऱ्हाईकाकडे तोच असतो म्हणून. मला त्याचा इतका तिटकारा होता की मी त्याचं चित्रसुद्धा डेस्कटॉपवर ठेवलं नव्हतं. एकच पान दोघींच्या स्क्रीनवर वेगवेगळं दिसत होतं आणि दोघी आपापल्या जागी खऱ्या होतो. पण तिच्या टेबलापाशी गेले असते तर कळलं असतं ना!

शेवटी नवरा कंटाळून म्हणाला, "मेळाव्याला दाखवू तेव्हा नीट चालू दे म्हणजे झालं."

वधू-वर मेळावा रविवारी एका मंगल कार्यालयात होता. हॉल खचाखच भरलेला, मुलींच्या आया पहिल्या रांगेत. पडद्यावर आमची साइट. लॅपटॉप मंडळाच्या सेक्रेटरींचा होता, त्यामुळे ब्राउझर अर्थातच तिचा, एक्सप्लोरर. अध्यक्षांनी माइकवरून "आता नोंदणी घरबसल्या" असं म्हणत नोंदणीवर माउस नेला आणि माझी यादी, सहा नऊ लावलेली यादी, फोटोंच्या मागे सरळ गडप झाली. हार घातलेलं एक जोडपं हसत वर सरकलं. "नोंदणी कुठंय?" अध्यक्ष म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "यांची झाली, आमची राहिली!" हॉल हसला. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

नवऱ्याने मान वळवली ती थेट कॅम्पवालीकडे. "बघता का जरा, प्लीज?"

झालं, म्हटलं, लागला निकाल. पण ती जागची हलली नाही. "सर, मेन्यू वहिनींचा आहे," ती म्हणाली. "वहिनी, तुम्हीच या." मला वाटलं, चारचौघांत माझी शोभा करतेय. तिरीमिरीत उठले आणि लॅपटॉपपुढे बसले. पडदा बंद करायला सांगितला. अध्यक्षांनी तेवढ्यात सूचना वाचायला घेतल्या.

आणखी एक नऊ लावून पाहिला. ढिम्म. मग डोकं शांत केलं आणि अडल्यावर नेहमी करायचे तेच केलं. प्रत्येक चौकोनाभोवती जाड रंगीत रेघ मारली, यादीला लाल, तिच्या फोटोंना निळी, सगळा मेन्यू ज्या पट्टीत बसवला होता तिला हिरवी. आता दिसलं. लाल चौकोन हिरव्याच्या आत होता. आतल्या यादीला मी लाखांचा आकडा दिला होता आणि बाहेरच्या पट्टीला आकडाच नव्हता. फायरफॉक्सला त्याचं काही वाटत नव्हतं. एक्सप्लोरर महाशयांनी मात्र पट्टी म्हणजे शून्य असं धरलं होतं, आणि पट्टी शून्य तर आतली यादीही तिच्याबरोबर खाली. आतला आकडा तिथे कुणी वाचतच नव्हतं. हिरव्या पट्टीला दोनशे दिला, पान पुन्हा उघडलं. यादी फोटोंवर टुणकन आली! तिचा शंभर जिथल्या तिथे होता, तिने त्याला कधी हातही लावला नव्हता.

रेघा पुसल्या, पडदा पुन्हा चालू करायला सांगितला. अध्यक्षांनी नोंदणी उघडली आणि टाळ्या पडल्या. मी आतून अशी खूष झाले होते! आता कोण मला फोनवर बसवतो बघूच, म्हटलं.

नवऱ्याने माइक घेतला. मंडळाचे आभार मानले. मग हात करून म्हणाला, "या आमच्या डिझायनर." कॅम्पवाली. "आणि या माझ्या मिसेस."

लोकांनी मला नमस्कार केला. ती मुलगी लाल होऊन पुटपुटली, "सर, आत्ता सगळं वहिनींनी केलं." नवरा हसला, "हो, माहितेय ना. त्या काय, घरच्याच आहेत."

घरी जाताना स्कूटरवर मी त्याला म्हटलं, "अहो, मी डिझायनर नाही का?" तर म्हणाला, "अगं, तुझं काय वेगळं सांगायचं असतं?" त्याला खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतेय ते. डिझाइन माझ्याकडे राहिलं, तेवढं मात्र खरं. फोनही माझ्याच टेबलावर आला, "तू आहेसच ना तिथे" म्हणून.

ती वर्षभर राहिली. मग तिला पुण्यात चांगली नोकरी लागली. पेढे घेऊन आली, राजीनाम्याचा कागद नवऱ्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, थांबायची विनंती केली, पगाराचं बोलला. ती "नाही सर" म्हणाली, नीट, नमस्कार करून. मी पेढा हातात धरून बघत बसले. इतका हेवा मला तिचा कधी वाटला नव्हता, चपट्या मॉनिटरचाही नाही आणि त्या फोटोंचाही नाही. मी असा कागद पुढे ठेवला असता तर नवऱ्याने तो बाजूला सारला असता आणि विचारलं असतं, आज भाजी काय आहे?