ऑफिसात बोलावलं

आचलनं करंगळी वर केली तेव्हा विपुल सर फळ्यावर समीकरण सोडवत होते. त्यांनी वळून पाहिलं, करंगळी दिसली, आणि परत फळ्याकडे वळले.

"सर..."

"नियम माहीत हाय ना?"

"सर, लय अर्जंट हाय."

"मधल्या सुट्टीत काय केलं मंग?"

मागच्या बाकांवरून खी खी झालं. मधल्या सुट्टीत आचल काय करणार होती, रांगेत उभी होती! पोरींसाठी चार संडास, त्यातला एक जूनपासून तुंबलेला, सुट्टी वीस मिनिटांची. घंटा झाली तेव्हा तिच्यापुढं अजून सहा जणी होत्या, आणि घंटा झाल्याबरोबर मोठे सर स्वतः येऊन कुलूप लावून गेले.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक, चिंतामण राजूरकर. अमरावतीतले, शिस्तीचे, पण वाईट नाही. झालं असं की जुलैत कोणीतरी नळ उघडा ठेवला, टाकी रिकामी झाली, अख्खी शाळा दिवसभर कोरडी. मग दहावीच्या पोट्ट्यांनी बाथरूममध्ये रील काढली आणि ती सरांच्याच मोबाईलवर येऊन पोचली. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली. तासिका चालू असताना कोणीही बाहेर जायचं नाही, चावी ऑफिसात राहील. पोट्ट्यांचं काही बिघडलं नाही, ते भिंतीमागं जाऊन येत. पोरींनी काय करायचं हे सूचनेत नव्हतं.

आचल वलगावहून एसटीनं यायची, साडेनवाला घरून निघायची. तिनं दात आवळले, पाय एकावर एक घट्ट धरले आणि फळ्यावरच्या एक्सकडे पाहत बसली. आता रडू येईल, नाहीतर दुसरं काही होईल, आणि मग आपण परत या शाळेत पाय ठेवणार नाही, हे तिनं नक्की केलं. खरंच नक्की केलं.

तेवढ्यात दारात सुभद्रामावशी.

मावशी म्हणजे शाळेची शिपाई. काळीसावळी, बुटकी, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि काखेत लाल कापडी पुठ्ठ्याची सूचनावही. सुट्टी असो, परीक्षा असो, कोणाच्या निधनाची शोकसभा असो, ती वही घेऊन मावशी वर्गावर्गात जायची, सर वाचून दाखवायचे, खाली सही करायचे, मावशी पुढच्या वर्गात. तिला पाहून कोणी मान वर करत नसे.

"सर, आचलले ऑफिसात बोलावलं."

आचलचा जीवच गेला. करंगळी वर केली म्हणून ऑफिसात? ती उठली, मावशीच्या मागं निघाली. ऑफिस डावीकडे. मावशी उजवीकडे वळली. संडासापाशी आली, कमरेतून चावी काढली, कुलूप उघडलं.

"जाय."

"पण मावशी, ऑफिसात..."

"ऑफिसात काई नाई. जाय न लवकर, उभी काहून राहिली?"

आचल बाहेर आली तेव्हा तिला मावशीच्या पायाच पडावं वाटलं. "मावशी, तुमाले कसं समजलं?"

"खिडकीतून दिसते न बाप्पा. अंगठ्यानं जमीन उकरून राहिली होती तू. बावीस वर्सं झाले मले घंटा देऊन, पोरीचं तोंड पाहून मले समजते." कुलूप लावता लावता ती बोलत होती, जसं काही भाजीचं सांगतेय. "आमच्या शाळेत तं संडासच नोता. शेंदूरजनाघाटाच्या तिकडे. शाळेमागं संत्र्याची बाग, आमी पोरी तथीच जावो. मंग बागवाल्यानं काटे लावले कुंपणाले. तवापासून एक एक पोरगी घरी. मी सहावीत होती."

एवढंच बोलून ती टोल द्यायला गेली. आचल वर्गात परत आली, आणि तिला समीकरण वगैरे काही दिसेचना.

मग आचल लक्ष ठेवायला लागली. आणि बापरे! रोज कोणी ना कोणी ऑफिसात जायचं. आठवीची एक, सहावीच्या दोन, आणि दर वेळी तीच पोरगी जी पांढरी पडलेली. मावशी दाराशी यायची, काखेत वही, नजर एकदा वर्गावरून फिरवायची, बास. पाळी आलेली पोरगी तर ती चालीवरून ओळखायची, तिच्यासाठी मावशीच्या पेटीत कापडाची पिशवी असायची. कोणत्याच पोरीला तिनं कधी काही विचारलं नाही. कोणत्याच पोरीनं हे दुसरीला सांगितलं नाही. चारशे पोरींच्या शाळेत एक गोष्ट कोणाच्या तोंडून बाहेर पडली नाही, असं कधी होतं का? पण झालं.

विपुल सरांना संशय यायला लागला होता. एकदा म्हणाले, "मावशी, ऑफिसात आजकाल लयच काम निघून राहिलं?"

"हो न सर, ऑडिट हाय."

"पोरीयचं कायचं ऑडिट?"

"आता ते मले काय माईत सर, मी तं शिपाई."

वर्ग हसला. सरही हसले, पण मान हलवत.

आणि एके दिवशी घोटाळा झाला. विपुल सरांचाच तास. आचलच्या शेजारची आरती सकाळपासून पोट धरून बसली होती, पाठीमागं ओढणी ओढून ओढून घेत होती. मावशी दारात आली, आरतीकडे पाहिलं, आणि नेहमी नुसतं ऑफिस म्हणायची ती त्या दिवशी घाईत म्हणाली, "सर, आरतीले मोठ्या सरनं बोलावलं."

शेवटच्या बाकावरून आवाज आला. "मी? मी तर इथेच बसलोय."

पाठ निरीक्षण होतं. मोठे सर वही घेऊन मागं बसले होते, आणि मावशीनं मागं पाहिलंच नव्हतं.

आचलला वाटलं, संपलं. आता मावशी काहीतरी सारवासारव करेल, माफी मागेल, आणि आरती इथंच बसून राहील. मावशीनं एकदा मोठ्या सरांकडे पाहिलं. मग आत आली, आरतीचा हात धरला, तिच्या मागं स्वतः चालायला लागली, अगदी चिकटून, कोणाला काही दिसू नये म्हणून.

"सर, मले काय बोलाचं ते मंग बोला. पोरीले पयले जाऊ द्या."

आणि गेली!

आरतीचं दप्तर द्यायला म्हणून आचल मागून पळाली. परत येताना ऑफिसच्या दाराशी तिचे पाय थांबले. वर्गातून उठून आलेले मोठे सर आत उभे होते, समोर मावशी उभी होती.

"माझ्या नावानं खोटं बोलता? किती दिवस चाललंय हे?"

"नियम लागला त्या दिवसापासून."

"कोणकोण मुली? नावं द्या मला."

"नावं नाई सांगत सर."

"बाई, मी मेमो देईन."

"द्या न सर. पण पोरीयचे नावं नाई सांगत. त्यायनं काई केलं नाई. चावी मी घेतली, खोटं मी बोलली."

मोठ्या सरांनी लाल सूचनावही पुढं ओढली. मग म्हणाले, "उद्या सूचना निघेल. तुम्हीच फिरवाल."

आचलला रात्रभर... नाही, झोप लागली, पण सकाळी एसटीत डोळे भरून येत होते.

पहिला तास रमा मॅडमचा, मराठीचा. मावशी आली, काखेत तीच वही. मॅडमनी उघडली आणि वाचायला लागल्या. "शिपाई श्रीमती सुभद्रा यांच्या तोंडी निरोपावरून कोणत्याही विद्यार्थिनीस वर्गाबाहेर..." आणि थांबल्या.

"मावशी, ह्यात काय लिहिलंय ते माहीत आहे तुम्हाला?"

"हो न मॅडम, मोठ्या सरनं वाचून दाखवलं. सई करा, अजून अकरा वर्ग हायेत."

स्वतःची बेइज्जती काखेत घेऊन ती बारा वर्ग फिरणार होती! आणि चेहरा कसा? जसा पोळ्याच्या सुट्टीची सूचना आणताना असतो तसा.

मॅडमनी पेन उघडलं. सगळ्या सरांच्या सह्या एकाखाली एक असतात, त्यांच्याशेजारी कोणी कधी काही लिहीत नाही, लिहिलं तर 'वाचले'. मॅडमनी सही केली आणि तिच्यापुढं दोन ओळी लिहिल्या. आचल पहिल्या बाकावर होती, तिला उलट्या दिसल्या तरी वाचता आल्या. 'वाचले. मुलींनी मग काय करावे, तेही कळवावे.'

वही पुढं गेली. आणि जो जो सही करणार, त्याला वरची ओळ दिसणारच ना! पाचव्या तासाला विपुल सर आचलच्या वर्गावर होते, त्यांची सही राहिली म्हणून वही परत तिथं आली, तेव्हा सरांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग वर्गाकडे पाठ करून, फळ्याला वही टेकवून, लय वेळ लिहीत राहिले. वही बंद करताना त्यांचे कान लाल झाले होते.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "मी आचलले बसवून ठेवलं होतं त्या दिवशी."

"जाऊ द्या सर. बाकी दोन वर्ग राह्यले."

वही ऑफिसात गेली. सहावा तास गेला, काही नाही. सातवा गेला. आचल खिडकीतून पाहत होती, मावशी घंटेखालच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर. मोठे सर एकदा बाहेर आले, संडासापर्यंत चालत गेले, तुंबलेल्या संडासाच्या दारासमोर उभे राहिले, परत गेले.

आठव्या तासाला मावशी आली. वाचायला परत विपुल सरच.

"'यापूर्वीच्या दोन्ही सूचना रद्द करण्यात येत आहेत. तासिका चालू असताना विद्यार्थिनींना जाण्यास अडवू नये. चावी श्रीमती सुभद्रा यांच्याकडे राहील. बंद संडासाची दुरुस्ती सोमवारी.'"

आरती रडायला लागली. मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच.

मावशी दारात उभी. बावीस वर्षं जशी उभी राहते तशी. डोळ्यात पाणी नाही, तोंडावर हसू नाही, आणि आचल तिच्याकडे अशी पाहत होती जसं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मोठं माणूस पाहतेय.

"टाळ्या कायच्या वाजवता पोरीहो," मावशी म्हणाली. "सई करा सर. शेवटचा तास हाय, बाकीच्या वर्गातल्या पोरी कवाच्या बसून असतीन."

सरांनी सही केली. वही काखेत गेली, आणि भिंतीपलीकडून, आठवीच्या वर्गातून तिचा आवाज आला, "सर, सूचना हाय."